कव्हरखाली सही कोणाची?

कोल्हापुरात सध्या वाजवणारी पोरं आणि चित्रं काढणारी पोरं एकमेकांवर खार खाऊन आहेत. निमित्त साधंच. इथल्या एका रॉक बँडनं आपल्या पहिल्या अल्बमचं कव्हर एआयकडून काढून घेतलं आणि तेच चित्र एका दिवाळी अंकात अर्ध्या पानाच्या जाहिरातीला वापरलं. चित्रकार म्हणाले, आमच्या पोटावर पाय आला. बँड म्हणाला, पैसे आणायचे कुठून, आणि मोबाइलवर नखाएवढं दिसणारं चित्र बघतंय कोण? तेव्हापासून दोन्ही बाजू तेच तेच घोळवत बसल्यात. मला दोन्ही बाजूंचं पटत नाही, कारण दोघांचा हिशेब मुळात एकच आहे. दोघंही कव्हरची किंमत हातांच्या मेहनतीवर लावतात. चित्रकार म्हणतो माझे चार दिवस गेले, बँड म्हणतो मशीनला चार सेकंद लागतात. मेहनतीवर भांडायचं म्हटलं तर चार सेकंदच जिंकणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. माझं म्हणणं असं आहे की कव्हरचे किंवा जाहिरातीचे पैसे मेहनतीचे नसतातच. ते निर्णयाचे असतात, आणि त्या निर्णयाची जबाबदारी घेणाऱ्या माणसाचे असतात. मशीन वापरलं की हात, हा दुय्यम प्रश्न आहे. खाली सही कोणाची, हा पहिला.

बँडची पैशांची अडचण खोटी नाही. महानगरातल्या बँडला निदान चार क्लब असतात. इथल्या बँडला कॉलेजचं गॅदरिंग, एखादं कॅफे आणि एखाद्या मित्राच्या बहिणीच्या लग्नातलं संगीत, एवढंच मैदान. स्टुडिओचं भाडं, मिक्सिंग, मास्टरिंग यांत खिसा रिकामा होतो आणि कव्हरची आठवण येते ती गाणी अपलोड करायच्या आदल्या रात्री. मग कुणातरी ओळखीच्या डिझायनरला फोन जातो, ‘‘एक डिझाइन टाक की भावा, पाच मिनिटांचं काम हाय.’’ एआय येण्याआधीही हे असंच होतं. म्हणजे चित्रकाराच्या पोटावर मशीननं पाय दिला म्हणणं अर्धवट खरं आहे. कोल्हापूरच्या बँडांनी कव्हरला पैसे दिलेच कधी होते, की आता ते बंद झाले? गिटारच्या तारा उधार मिळत नाहीत हे त्यांना कळतं, चित्र मात्र दोस्तीखात्यात. पण याला बँडइतकेच डिझायनरही जबाबदार आहेत. त्याकडे नंतर येतो.

आकाराचा मुद्दा त्याहून वजनदार आहे. अल्बमचं कव्हर जन्मालाच आलं ते दुकानामुळं. १९४० च्या आधी अमेरिकेत ७८ आरपीएमच्या तबकड्या पुठ्ठ्याच्या साध्या पुस्तकांत घालून विकायचे. कण्यावर नाव, बाकी कोरं. कोलंबिया रेकॉर्ड्समध्ये नोकरीला लागलेल्या अॅलेक्स स्टाइनवाइस नावाच्या पोरसवदा आर्ट डायरेक्टरनं मालकांना पटवलं की पुठ्ठ्यावर चित्र टाकू, विक्री वाढेल. मग एलपीचा, म्हणजे लाँग प्ले तबकडीचा, बारा इंची चौकोन आला आणि चित्रकाराला भिंतीएवढी जागा मिळाली. पुढं कॅसेटच्या इनले कार्डानं तोच चौकोन काडेपेटीच्या भावंडांत नेऊन बसवला, सीडीनं थोडा मोठा केला, आणि आता फोनवर तो गाण्याच्या नावाशेजारी कोपऱ्यात असतो. दुकान गेलं, फडताळ गेलं, मग फडताळावरून हात पुढं करायला लावणाऱ्या चित्राची गरज काय? प्रश्न रास्त आहे. पण आकार लहान झाला म्हणून विचार कमी लागतो, हे कुठून आलं? पोस्टाचं तिकीट त्याहून फार मोठं नसतं, आणि त्यासाठी देश आपले चांगले चित्रकार बसवतात. बारा इंचांत चुकलेलं चित्र बाकीच्या तपशिलात लपून जातं. एक सेंटिमीटरमध्ये लपायला जागा नसते. तिथं एकच आकार, दोनच रंग आणि फार तर एक शब्द मावतो, आणि कोणता, हे ठरवणं म्हणजेच काम. शिवाय तो चौकोन आता एकाच जागी राहत नाही. तोच टी-शर्टवर जातो, स्टेजमागच्या फ्लेक्सवर जातो, स्टोरीत उभा ताणला जातो आणि दिवाळी अंकाच्या पानावर काळ्या शाईत छापला जातो. या सगळ्यांत जो टिकतो तो चौकोन कोणीतरी विचार करून केलेला असतो.

बँडच्या बाजूचा सगळ्यात धारदार मुद्दा मात्र इतिहासातूनच येतो, आणि आमचे चित्रकार तो ऐकूनच घेत नाहीत. इंडी रॉकमधली जी कव्हरं आज पूजेला लावली जातात, त्यांतली कितीतरी ‘काढलेली’ नाहीतच. मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजनचं ‘अननोन प्लेझर्स’, १९७९. काळ्या पानावर पांढऱ्या रेषांचे डोंगर. कोल्हापुरात ज्यांनी त्या बँडचं एक गाणं ऐकलेलं नाही अशांच्याही छातीवर तो टी-शर्ट दिसतो. त्या रेषा म्हणजे एका पल्सार ताऱ्याकडून आलेले रेडिओ संकेत. हॅरल्ड क्राफ्ट नावाच्या संशोधकानं १९७० मध्ये आपल्या प्रबंधात काढलेला आलेख, तोही संगणकानं आखलेला. बँडमधल्या एकाला तो खगोलशास्त्राच्या एका कोशात सापडला आणि त्यांनी तो डिझायनर पीटर सॅव्हिलच्या हाती दिला. म्हणजे रेषा मशीनच्या, शोध शास्त्रज्ञाचा, निवड बँडची. मग सॅव्हिलनं केलं काय?

त्यानं मूळचं पांढऱ्यावरचं काळं उलटवून काळ्यावर पांढरं केलं. आलेख लहान करून मधोमध ठेवला आणि भोवती अंधार सोडला. पुढच्या बाजूला ना बँडचं नाव, ना अल्बमचं. एका नवख्या बँडच्या पहिल्याच अल्बमवर नाव न टाकण्याची हिंमत कोणत्या मशीननं केली असती? मशीनकडे मागितलं असतं तर तिनं नाव तीनदा लिहून दिलं असतं, त्यातलं एक चुकीचं. चार वर्षांनी त्याच सॅव्हिलनं न्यू ऑर्डर या बँडच्या ‘ब्लू मंडे’ या गाण्यासाठी संगणकाच्या फ्लॉपीसारखं, भोकं पाडलेलं पाकीट केलं. नाव तिथंही नाही, फक्त रंगांच्या पट्ट्यांची एक सांकेतिक लिपी. ते पाकीट छापायला इतकं महाग पडलं की विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागं फॅक्टरी रेकॉर्ड्स या त्यांच्या कंपनीचे पैसे जात होते, अशी दंतकथाच झाली आहे. हा निर्णय शहाणपणाचा होता असं मी म्हणत नाही. पण तो निर्णय होता आणि कोणाचा होता हे जगाला ठाऊक आहे. उसनं चित्र घेऊनही सॅव्हिल कव्हरकार ठरतो, कारण काय सोडायचं हे त्यानं ठरवलं. आपल्या बँडनं एआयनं दिलेल्या चार चित्रांतलं पहिलं ‘भारी दिसतंय’ म्हणून उचललं. फरक इथं आहे, मशीनमध्ये नाही.

याला कोणी उत्तर देईल की डिझायनरला गाणं कळावं लागतं वगैरे सगळं थोतांड आहे, ब्लू नोट या जॅझ कंपनीच्या डिझायनर रीड माइल्सला बघा. खरंय. पन्नाशी-साठीच्या दशकांत त्यानं जॅझच्या शेकडो तबकड्यांची कव्हरं केली, आजही डिझाइनच्या वर्गात ती दाखवल्याशिवाय सत्र पुरं होत नाही, आणि त्याला स्वतःला जॅझपेक्षा शास्त्रीय पाश्चात्त्य संगीत आवडायचं. मग ऐकण्याचा एवढा बाऊ कशाला? पण माइल्स हवेतून काम करत नव्हता. कंपनीचा आल्फ्रेड लायन त्याला बसून सांगायचा की या सत्रात काय घडलं, हा माणूस कसा वाजवतो. फ्रान्सिस वुल्फनं रेकॉर्डिंगच्या वेळी काढलेले फोटो समोर असायचे. माइल्स ते फोटो निर्दयपणे कापायचा, पैसे वाचवायला एक-दोन रंगांत भागवायचा आणि अक्षरांनाच वाजायला लावायचा. तिथं दोन माणसं बोलत होती, आणि त्यातला एक दुसऱ्याला नाही म्हणू शकत होता. बँडला नेमकी याचीच गरज असते. स्वतःच्या गाण्याच्या प्रेमात आकंठ बुडालेल्या पाच जणांना बाहेरच्या सहाव्यानं सांगावं लागतं की तुमच्या अल्बममध्ये आग नाही, कंटाळा आहे, आणि तो कंटाळाच सुंदर आहे, तेव्हा कव्हरवरून ज्वाळा काढा. एआय कधीच असं म्हणत नाही. तुम्ही ज्वाळा मागा, ते आणखी मोठ्या देतं.

आता आमच्या चित्रकार मित्रांकडे वळतो. ‘यंत्र आलं की कला मेली’ हे वाक्य जगात कुठंही शोभेल, कोल्हापुरात शोभत नाही. या गावानं ज्यांना कलामहर्षी म्हटलं ते बाबूराव पेंटर संगीत नाटकांचे पडदे रंगवायचे. त्यांच्या काळात यंत्र आलं ते सिनेमाचं, आणि ते पडदे रंगवणाऱ्यांच्याच मुळावर आलेलं. बाबूराव आणि त्यांचे जोडीदार आनंदराव यांनी काय केलं? कॅमेरा विकत घ्यायला पैसे नव्हते, तेव्हा तो स्वतः घडवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी तो पुरा केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. आणि ब्रश टाकला का? उलट, आपल्या सिनेमांची पोस्टरं ते स्वतः रंगवत, सिनेमासोबत चित्रं आणि माहिती असलेल्या पुस्तिका काढत. ज्या काळात इतरांच्या जाहिराती म्हणजे नुसत्या अक्षरांच्या हस्तपत्रिका होत्या, त्या काळात हे चाललं होतं. यंत्र आणि हात एकाच माणसाच्या ताब्यात होते आणि कुठं काय वापरायचं हे तो ठरवत होता. त्या माणसाच्या नावानं गहिवरायचं आणि नवं यंत्र दिसलं की निषेधाचं पत्रक काढायचं, हे कसं जमतं?

आणि खरं बोलायचं तर इथल्या रॉक बँडांसाठी माणसांनी केलेली कव्हरं तरी काय होती? जळती गिटार. भेगाळलेली जमीन, तीत उगवलेली मूठ. कावळा. धुरात पाठमोरा पोरगा. पिंटरेस्टवरून उचललेला संदर्भ, त्यावर फोटोशॉपमधला ठरलेला खरखरीतपणा, आणि इंग्रजीत तिरकं नाव. ही चित्रं मशीननं इतक्या सहज का गिळली? कारण त्यांत ठरवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ज्या गावात रंकाळ्यावरची जलपर्णी, उद्यमनगरातल्या फाउंड्रीची काजळी, तालमीतली तांबडी माती आणि उसाच्या ट्रॉलीमागं अडकलेला अख्खा रस्ता रोज डोळ्यांसमोर आहे, त्या गावातल्या बँडच्या कव्हरवर नॉर्वेतलं जंगल येतं, हे मशीनचं पाप नाही. (तालमीची माती मी सुचवली की पोरं म्हणतात, ‘‘ते नको, गावठी वाटतंय.’’ वाटू दे की.)

जाहिरातीत तर हा निर्णयाचा मुद्दा उघडा पडतो. त्या दिवाळी अंकातली अर्ध्या पानाची जाहिरात माझ्या टेबलावर आहे. आतलं पान, एकरंगी छपाई, कागद साधा, मॅपलिथो. मूळ चित्र फोनवर झळकतं. गडद जांभळं आकाश, त्यात नारिंगी ठिणग्या. काळ्या-पांढऱ्यात उतरवल्यावर जांभळा आणि नारिंगी एकाच राखाडीत विरघळले, ठिणग्या गेल्या, उरला तो ढग. चित्र १०२४ पिक्सेलचं. छपाईला इंचाला तीनशे ठिपके लागतात, म्हणजे ते जेमतेम साडेतीन इंच नीट छापलं जातं. इथं ते पानभर रुंद ताणलंय, म्हणून गिटारवाल्याच्या चेहऱ्याला पायऱ्या पडल्यात. खाली काळ्या पट्टीतून पांढरं काढलेलं बारीक अक्षर. रिव्हर्स अक्षर बारीक ठेवलं की शाई पसरून ते भरून येतं, हे प्रेसमधल्या हेल्परलाही ठाऊक असतं. कार्यक्रमाची तारीख नेमकी तिथंच होती. आणि बँडच्या देवनागरी नावातला रफार एका अक्षरानं पुढं जाऊन बसलाय. या पाच चुकांतली एकही मशीनची नाही. कोणत्या पानावर, कोणत्या कागदावर, किती शाईत हे छापलं जाणार आहे, हा प्रश्न विचारायला कोणी बसलेलंच नव्हतं. ब्रिटनच्या ‘एनएमई’, ‘मेलडी मेकर’ या संगीत साप्ताहिकांत छोट्या रेकॉर्ड कंपन्यांच्या काळ्या-पांढऱ्या चौकटी न्यूजप्रिंटवर छापल्या जायच्या. आपल्याकडं १९९३ मध्ये अलाहाबादेतून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे रॉक संगीताचं मासिक निघालं. अशा कागदावर तगायचं तर ठळक अक्षर, मोकळी जागा आणि एक ठाम काळा आकार लागतो. गरिबीतून आलेली ती शिस्त पुढं शैली म्हणून मिरवली. आपण महागडा कागद नाही म्हणून रडतो आणि साध्या कागदाची शिस्तही शिकत नाही.

‘‘बरं, सही झाली तर पोट भरतं का?’’ असं कोणी विचारेल. लगेच भरत नाही. पण सही नसेल तर पुढं भरायची शक्यताही राहत नाही. रोलिंग स्टोन्सची बाहेर काढलेली जीभ १९७० मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधल्या जॉन पॅश नावाच्या विद्यार्थ्यानं काढली, मोबदला ५० पौंड. मिक जॅगरनं त्याच्यासमोर काय ठेवलं होतं? आपल्या कालीमातेचं चित्र. पुढं २००८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं ते मूळ चित्र ५० हजार पौंडांच्या घरात विकत घेतलं. ते कोणी काढलं याची नोंद होती म्हणून पॅश हे नाव आज राहिलंय. आपल्याकडं कायदाही चित्रकाराला तितका पोरका सोडत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा किंवा रंगचित्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याचा असतो. इतर बहुतेक कलाकृतींचा हक्क मुळात करणाऱ्याचा, आणि तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखीच द्यावा लागतो. त्या लेखात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणजे व्हॉट्सअॅपवरच्या ‘ओके भावा’वर उभा असलेला अल्बम उद्या चालला, टी-शर्ट विकले जाऊ लागले, तर भांडण ठरलेलं. आणि फुकट मशीनचं चित्र घेणाऱ्या बँडनं यात फार खूश होऊ नये. अमेरिकेत २०२३ मध्ये न्यायालयानं माणसाचा हात नसलेल्या चित्राला कॉपीराइट नाकारला, २०२५ मध्ये वरच्या न्यायालयानंही तोच निकाल कायम ठेवला. आपल्या कव्हरचे टी-शर्ट कोणी छापून विकले तर ते चित्र आपलं आहे हे बँड कशाच्या जोरावर सांगणार?

तरी माझा रोख कायद्यापेक्षा सवयीवर आहे. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा अख्खं गाव पेटून उठलं. बरोबर उठलं. चपलेच्या मागं कारागीर आहे, त्याचं नाव घ्या, एवढंच मागणं होतं आणि कंपनीला ते मान्य करावं लागलं. त्या आठवड्यात सगळ्यात तावातावानं बोलणाऱ्यांत हे बँडवालेही होते. त्यांच्याच गेल्या चार गाण्यांची कव्हरं कोणी केली, हे कुठं लिहिलंय? इटलीच्या कंपनीकडून अपेक्षा करायची आणि शिवाजी पेठेतल्या पोराला एक ओळ द्यायची नाही, हा कुठला न्याय?

मराठीला तर ही सवय नवी शिकायची नाही. आपल्या पुस्तकांत ‘मुखपृष्ठ’ म्हणून चित्रकाराचं नाव येतं. दीनानाथ दलालांची सही दिवाळी अंकाच्या कव्हरवर लोक शोधून बघायचे, मुळगावकरांचं चित्र सहीसकट कॅलेंडरवरून घराच्या भिंतीवर जायचं. त्यांनीही जाहिराती केल्या, बाजारासाठी केल्या, पण निनावी केल्या नाहीत. १८६७ च्या ब्रिटिशांच्या कायद्यानं छापील कागदावर मुद्रकाचं नाव सक्तीचं केलं, ते कलेच्या प्रेमापोटी नाही. लिखाण अंगाशी आलं तर कोणाला धरायचं, हे त्यांना कळायला हवं होतं. मला तेच हवं आहे, फक्त उलट्या अंगानं. नाव असलं की श्रेयही धरता येतं आणि चूकही.

म्हणून बँडांना सांगणं एवढंच की पैसे कमी असतील तर कमी द्या, पण गाणी मिक्स होण्याआधी डिझायनरला बोलवा, कच्ची गाणी ऐकवा, आणि दोन ओळींचा कागद करा. चित्र कुठं कुठं वापरणार, किती वर्षं, टी-शर्ट विकले तर त्यात त्याचा वाटा काय, आणि नाव कुठं येणार. स्ट्रीमिंगवर गीतकार, संगीतकार, निर्माता यांना जशी जागा असते तशी कव्हरकाराला बहुतेक वेळा मिळत नाही, तेव्हा वर्णनाच्या पहिल्या ओळीत ते लिहा. छापील जाहिरातीत कडेला उभ्या बारीक ओळीत लिहा, रिव्हर्समध्ये नको.

आणि कोणी एआयनंच केलं तर? त्यानंही सही करावी. ‘यंत्राच्या मदतीनं’ असं लिहून खाली आपलं नाव टाकावं. त्या दिवाळी अंकातल्या गिटारला सहाऐवजी पाचच तारा आहेत. त्या कोणाला दाखवायच्या, ते तरी कळेल.